श्रीहरिकोट्याला जावे की ठाण्यातूनच पाहावे?

छोटे उपग्रह वाहून नेणाऱ्या, इस्रोच्या एसएसएलव्हीसारख्या छोट्या अग्निबाणाचे उड्डाण जाहीर झाले की आमच्या सोसायटीत निदान एखाद्या घरातून तरी विचारणा होते: मुलांना घेऊन श्रीहरिकोट्याला जावे, की घरीच थेट प्रक्षेपण पाहावे? (मराठीत अग्निबाणाचेही प्रक्षेपण आणि दूरचित्रवाणीवरचेही प्रक्षेपणच; म्हणून येथे अग्निबाणापुरता ‘उड्डाण’ हा शब्द वापरला आहे.)

प्रवासाचा हिशेब आधी मांडू. ठाणे-कल्याणहून रेल्वेने चेन्नई गाठायला जवळपास एक संपूर्ण दिवस लागतो. तेथून उत्तरेस सुळ्ळूरपेटा हे स्थानक, आणि त्यापुढे पुलिकत सरोवर ओलांडणारा सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता. प्रेक्षकसज्जा 2019 पासून सर्वसामान्यांसाठी खुली असली, तरी प्रत्येक उड्डाणासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. विमानाने वेळ वाचतो. मात्र तिकीट रद्द करण्याची पाळी आली, तर खिशाला बसणारी चाट मोठी असते.

तशी पाळी येणे मुळीच दुर्मीळ नाही. एसएसएलव्हीचे तिसरे उड्डाण आधी 15 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे हमखास सुटीच्या गुरुवारी, ठरले होते. ते एक दिवस पुढे गेले आणि शुक्रवारी सकाळी 9:17 वाजता झाले. युरोपच्या प्रोबा-3 या तंत्रज्ञान-चाचणी मोहिमेचे, इस्रोच्याच पीएसएलव्ही या मोठ्या अग्निबाणावरील उड्डाणही 4 डिसेंबर 2024 वरून 5 डिसेंबरवर गेले. चांद्रयान-2 च्या वेळी तर 15 जुलै 2019 रोजी उलटगणती 56 मिनिटे बाकी असताना थांबवण्यात आली आणि उड्डाण व्हायला 22 जुलै उजाडला. घरी बसलेल्याचे अशा वेळी फार तर एका सकाळचे नियोजन बिघडते.

इतका खटाटोप करून सज्जातून दिसते काय? चौतीस मीटर उंचीचा आणि सुमारे 120 टन वजनाचा हा अग्निबाण जमीन सोडतो, ज्वाळा आधी दिसते आणि गडगडाट मागाहून येतो. हा अनुभव मोबाइलच्या स्पीकरमधून मिळत नाही, हे निःसंशय. परंतु पहिला टप्पा सुमारे दीड मिनिटातच जळून संपतो, त्यानंतर आकाशात धुराची रेघ उरते. उपग्रह मात्र कक्षेत पोहोचायला पंधरा मिनिटांच्या आसपास घेतात. ढग असतील, तर दीड मिनिटाचेही आश्वासन देता येत नाही.

आणि छोट्या अग्निबाणाच्या बाबतीत खरी गोष्ट त्या उरलेल्या मिनिटांतच घडते. रविवार, 7 ऑगस्ट 2022 रोजी एसएसएलव्हीने पहिली झेप घेतली, तेव्हा जमिनीवरून पाहणाऱ्याला सारे सुरळीतच वाटले असते. दुसरा टप्पा वेगळा होताना बसलेल्या कंपनांमुळे त्वरणमापकांची (वेगातील बदल मोजणाऱ्या उपकरणांची) वाचने बिघडली, संगणकाने ते मापकच नादुरुस्त ठरवले, आणि उपग्रह 356 किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी एका टोकाला 356 आणि दुसऱ्या टोकाला अवघ्या 76 किलोमीटर उंचीच्या, टिकूच न शकणाऱ्या कक्षेत गेले. शेवटच्या टप्प्यात माहितीचा प्रवाह खंडित झाल्याचे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले, ते थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांना घरीच कळले. पुढे विलगीकरणाची यंत्रणा बदलण्यात आली आणि 10 फेब्रुवारी 2023 रोजी सकाळी 9:18 वाजता दुसरे उड्डाण यशस्वी झाले. (तो शुक्रवार होता, त्या वेळी आपल्यापैकी बरेच जण लोकलमध्ये असतात, त्यामुळे ‘घरून’ या शब्दात ठाणे-दादर प्रवासातील मोबाइलही धरावा.)

चाचणी-उपग्रहांचा पाठपुरावा तर कक्षेत पोहोचल्यावर सुरू होतो. एसएसएलव्हीच्या तिसऱ्या उड्डाणातील ईओएस-08 या उपग्रहावर अवरक्त कॅमेरा, दिशादर्शक उपग्रहांचे परावर्तित संकेत वाचणारे उपकरण आणि गगनयानासाठी अतिनील किरणांची मात्रा मोजणारा संवेदक होता. त्यांचे यशापयश उड्डाणाच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. दोन उपग्रह कक्षेतच एकमेकांना जोडून पाहणाऱ्या स्पेडेक्स या इस्रोच्या मोहिमेचे उड्डाण 30 डिसेंबर 2024 रोजी रात्री दहाला झाले. जोडणीची तारीख दोनदा पुढे गेली, 12 जानेवारीला दोन्ही उपग्रह 3 मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे घेण्यात आले, आणि जोडणी झाली ती 16 जानेवारीला. म्हणजे अडीच आठवड्यांची उत्कंठा. ती ठाण्यात बसून जितकी अनुभवता आली, तितकीच चेन्नईहून परतलेल्यालाही.

म्हणून माझा कौल असा: निव्वळ एसएसएलव्हीसाठी एवढा प्रवास करू नये. मुलाला गडगडाट ऐकवायचाच असेल, तर 44 मीटरच्या पीएसएलव्हीचे किंवा त्याहून मोठ्या अग्निबाणाचे उड्डाण निवडावे, आणि तेही चेन्नईत नातेवाईक असतील किंवा दक्षिणेची सहल ठरलेलीच असेल तेव्हा, हाताशी दोन दिवस मोकळे ठेवून. एसएसएलव्हीसाठी क्लब हाउसचा मोठा टीव्ही पुरेसा आहे. फक्त उड्डाणाच्या अर्धा तास आधी मुलांना जमवावे आणि टप्प्यांच्या वेळा कागदावर लिहून त्यांच्या हाती द्याव्यात. निवेदक एखादा टप्पा जाहीर करायला उशीर लावू लागला, की तो उशीर सर्वांत आधी मुलांच्याच लक्षात येतो.