शाखाध्यक्ष की प्रादेशिक प्रतिनिधी: आर्किटेक्टने कोणत्या पदासाठी उभं राहावं?

आर्किटेक्टांच्या संघटनेत दोन्ही पदांसाठी तुमचं नाव घेतलं जात असेल, तर मान कुठे जास्त हे बाजूला ठेवा. कामाचं स्वरूपच वेगळं आहे.

शाखाध्यक्षाचं काम लगेच दिसतं. व्याख्यानं, साइट-भेटी, नव्या सदस्यांना सामावून घेणं हे तर असतंच. त्याहून मोलाचं काम म्हणजे बांधकाम नियमावलीचा मसुदा निघाला की मुदतीत हरकती नोंदवणं. जिन्याची रुंदी किंवा सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) यावर मोघम निषेध कुणी वाचत नाही. कलम क्रमांक आणि सोबत आराखडा जोडला की त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. पण वर्गणी किती, त्यातला शाखेचा वाटा किती, हे सहसा वर, म्हणजे केंद्रीय परिषदेत ठरतं.

प्रादेशिक प्रतिनिधी त्या ‘वर’ बसतो. इथे एक खाच आहे. ती जागा नियामक मंडळावर असेल, तर जबाबदारी साऱ्या संस्थेची. फक्त आपल्या प्रदेशाची तरफदारी तिथे चालत नाही. १८५७ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने पुढे मंडळ लहान केलं आणि प्रादेशिक प्रतिनिधींसाठी वेगळी स्ट्रॅटेजिक कौन्सिल नेमली. कारभार सुटसुटीत होतो खरा, पण प्रदेशाचा माणूस सल्लागाराच्या खुर्चीत जातो. १९४८ मध्ये स्थापन झालेली आर्किटेक्टांची आंतरराष्ट्रीय संघटना यूआयए जगाचे पाच विभाग करते आणि प्रत्येकाला एक उपाध्यक्ष देते. तिथे प्रदेश थेट पदाधिकाऱ्यांत पोचतो. मात्र सदस्यत्व राष्ट्रीय संस्थांचं, एकेकट्या आर्किटेक्टचं नाही.

दुसरी अडचण मतांची. मोठ्या शहराच्या शाखेकडे सदस्य जास्त, म्हणून प्रतिनिधीही बहुधा तिथलाच. छोट्या शाखांच्या वाट्याला अभिनंदनाचा ठराव! आळीपाळीचा नियम संघटनेच्या घटनेत नसेल, तर छोट्या शाखेच्या उमेदवाराने इतर शाखांचा पाठिंबा आधी जमवावा, अर्ज मग भरावा.

माझं मत विचाराल तर प्रॅक्टिस नवी असेल, ऑफिसात हाताशी माणूस नसेल, तर शाखाच बरी. प्रतिनिधीचं निम्मं काम बैठकीनंतर सुरू होतं: काय ठरलं, आपण कुठे मत दिलं, का दिलं, हे प्रत्येक शाखेला लिहून कळवणं. त्याचा कंटाळा असेल तर ते पद घेऊच नका. आणि घ्यायचंच असेल, तर अर्जाआधी केंद्रीय परिषदेची मागची इतिवृत्तं मागवा. तुमच्या प्रदेशाचा विषय अजेंड्यावर किती वेळा आला आणि किती वेळा ‘पुढील बैठकीत’ ढकलला गेला, ते मोजा.