२८ हजार ‘पर्यंत’ की २२ हजार ‘सीटीसी’? मुंबईत रक्त घेण्याच्या नोकऱ्यांचा हिशेब

भाच्याचा डीएमएलटीचा (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) निकाल लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने मला दोन ऑफर लेटरचे फोटो पाठवले. एक दादरच्या कलेक्शन सेंटरचं, २२ हजार सीटीसी. दुसरं घरी जाऊन सँपल घेणाऱ्या एका ॲप कंपनीचं, ‘महिना २८,००० पर्यंत कमवा’. खाली त्याचा एका ओळीचा मेसेज: मामा, २८ घेऊ ना?

मी या धंद्यात, म्हणजे फ्लेबोटॉमीत (तपासणीसाठी रक्त घेण्याच्या कामात), अकरा वर्षं आहे. तीन वर्षं हॉस्पिटल, दोन वर्षं स्कूटरवरून होम कलेक्शन आणि आता एका सेंटरचा इनचार्ज. ‘घेऊ नकोस’ असं मी त्याला लगेच सांगितलं नाही. रविवारी जेवायला बोलावलं आणि कॅल्क्युलेटर काढला. तोच हिशेब इथे मांडतोय, कारण दर जून-जुलैला कोणी ना कोणी नवा मुलगा किंवा मुलगी मला हेच विचारते.

आधी २२ हजारांचं पाहू. सीटीसी म्हणजे कंपनीचा खर्च, तुमचा पगार नव्हे. त्याच्या पत्रात बेसिक आणि डीए मिळून १४,००० होते. त्यावर मालकाचा पीएफचा १२ टक्के वाटा १,६८०. ईएसआयसीचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, साधारण ६४०. हे दोन्ही त्या २२ हजारांतच बसवलेले. म्हणजे ग्रॉस उरला १९,६८०. आता त्याच्या बाजूने कपात: पीएफ पुन्हा १,६८०, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे १४८, व्यवसाय कर २००. हातात १७,६५२ रुपये. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेवढं धरून चाला. मुलगी असती तर २५ हजारांपर्यंत महिलांना हा कर माफ असल्याने दोनशे रुपये जास्त मिळाले असते.

आता २८ हजार ‘पर्यंत’. त्या ‘पर्यंत’ या शब्दाचाच पगार असतो. पत्र नीट वाचलं तर फिक्स १५,००० आणि दिवसाच्या पहिल्या पाच व्हिजिटनंतर प्रत्येक व्हिजिटला ५० रुपये. २८ गाठायचे तर वरचे १३,००० इन्सेन्टिव्हमधून यायला हवेत, म्हणजे महिन्याला २६० जादा व्हिजिट. २६ दिवसांनी भागलं तर रोज दहा. पहिल्या पाच धरून रोज पंधरा घरं.

पंधरा घरं ऐकायला जास्त वाटत नाहीत. पण उपाशीपोटीची सँपलं सगळ्यांना साडेपाच ते अकराच्या आत द्यायची असतात. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं, एका घराला बावीस. त्यात एका सोसायटीतून दुसरीत जाणं, वॉचमनचं रजिस्टर, वर फोन करून परवानगी, लिफ्ट, काकांचं ‘जरा थांबा, आंघोळ करतोय’, बारकोड चिकटवणं, पैसे घेणं, आणि मध्ये कुठेतरी प्रत्यक्ष रक्त घेणं. आजींची व्हेन (शीर) सापडली नाही तर बावीस मिनिटं तिथेच गेली. पवई-घाटकोपर पट्ट्यात रोज नऊ-दहा घरं नीट करणारा मुलगा मी चांगला म्हणेन.

तेव्हा साडेनऊ धरू. जादा व्हिजिट साडेचार, महिन्याचे इन्सेन्टिव्ह ५,८५०. एकूण २०,८५०. गाडी त्याची स्वतःची. दिवसाला ५० किलोमीटर, स्कूटरचा ॲव्हरेज ४५, मुंबईत पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. पेट्रोलचेच महिन्याला तीन हजार. राहिले १७,८५०. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, नो-पार्किंगची पावती अजून धरलेलीच नाही.

म्हणजे २८ आणि २२ यांत फरक उरला दोनशे रुपयांचा, तोही पहिल्या पंक्चरपर्यंत. शिवाय २२ वाल्याच्या नावावर दर महिन्याला दोन्ही बाजूंचे मिळून ३,३६० रुपये पीएफ खात्यात पडतात (मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शन योजनेकडे वळतो), आणि ॲपच्या पत्रात पीएफचा शब्दही नव्हता. भाचा कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि पावसात भिजायचं ते वेगळं.”

पावसाचं खरं तर दोन्ही बाजूंनी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या तापाने सीबीसीची (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची) रांग लागते, बुकिंग दुप्पट होतात आणि इन्सेन्टिव्हचा खरा सीझन हाच. पण हिंदमाताला पाणी भरणं आणि अंधेरी सबवे बंद होणं हेही त्याच दिवसांत. मी होम कलेक्शनला असताना एका जुलैत परळच्या पाण्यातून गाडी ढकलत सेंटरवर पोचलो. बॅग हिंदकळलेली, सहा सँपलं हिमोलाइज, म्हणजे रक्तपेशी फुटून तपासणीला निकामी. कंपनीने त्या सहा व्हिजिटचे पैसे कापले आणि दुसऱ्या दिवशी त्याच सहा घरी फुकट रीकलेक्शनला पाठवलं. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, ती पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून पत्र हातात आलं की मी आधी एवढंच बघतो: गाडी कोणाची, पेट्रोल कोणाचं, आणि सँपल खराब झालं तर तोटा कोणाचा. मुंबईत या कामाचा दर सुई टोचण्याला मिळत नाही, मधल्या प्रवासाचा भार कोण उचलतो यावर तो ठरतो.

व्हिजिट म्हणजे घर की पेशंट?

होम कलेक्शनमध्ये हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. एका घरात आई, बाबा, आजी आणि सून अशा चौघांचं रक्त घेतलं, तर काही कंपन्या चार धरतात, काही एक. रविवारी ‘फॅमिली पॅकेज’ची गर्दी असते, त्यामुळे याच एका ओळीवर महिन्याचे दीड-दोन हजार इकडचे तिकडे होतात. दुसरा प्रश्न कॅन्सल व्हिजिटचा: दारापर्यंत गेलो आणि पेशंटने नाष्टा केलेला निघाला, तर पैसे मिळतात का? तिसरा, पॅकेज विकण्याचं टार्गेट आहे का? रक्त काढताना ‘व्हिटॅमिन डीसुद्धा करून घ्या ना काकू’ म्हणणं ज्याला जमत नाही, त्याने तो इन्सेन्टिव्ह आधीच वजा करावा. मला कधीच जमलं नाही.

होम कलेक्शन वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याचा हात बसलाय, गाडी आहे आणि एरिया घराजवळ आहे, त्याच्यासाठी सकाळचं कलेक्शन अधिक दुपारची लॅब हा मुंबईतला जुना आणि चालणारा मेळ आहे. सकाळी सहा ते साडेदहा व्हिजिटवर, दुपारी दोनपासून एखाद्या लॅबमध्ये शिफ्ट. दोन्ही मिळून तीस हजारांच्या वर जाणारे मी पाहिलेत. थकतातही तेवढेच.

बोर्ड एकाचा, पगार दुसऱ्याचा

मेट्रोपोलिस, थायरोकेअर, सबर्बन ही नावं मुंबईत घरोघरी माहीत आहेत. पण नाक्यावरचं कलेक्शन सेंटर बहुतेक वेळा फ्रँचायझी असतं. बोर्ड ब्रँडचा असला तरी तुमचा मालक तो सेंटर चालवणारा माणूस. अपॉइंटमेंट लेटरवर कोणाचं नाव आहे ते बघा. ब्रँडच्या पेरोलवर असाल तर पीएफ, ईएसआयसी, वार्षिक वाढ यांची घडी बसलेली असते. फ्रँचायझीत हे सगळं मालकाच्या स्वभावावर. गेल्या काही वर्षांत या धंद्यात मालकीही बदलली. २०२१ मध्ये थायरोकेअर फार्मईझीच्या मूळ कंपनीकडे गेली आणि सबर्बन डॉ. लाल पॅथलॅब्सने घेतली. लोकांना स्वस्त पॅकेज मिळालं, आणि एका सँपलमागे होणाऱ्या खर्चावर आधीपेक्षा बारीक नजर आली. त्या खर्चातला एक मोठा आकडा म्हणजे आपण.

गल्लीतल्या डॉक्टरच्या लॅबला कोणी तुलनेत धरत नाही, पण धरावं. डोंबिवली, वसई, कळव्याच्या छोट्या लॅब १० ते १४ हजार देतात, बऱ्याचदा रोख. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआयसी आणि वीसपेक्षा कमी असतील तर पीएफ सहसा लागू होत नाही, म्हणून कागदावर ही सगळ्यांत कच्ची नोकरी. पण तास मोजा. बदलापूरहून अंधेरीला जाणारा माझा एक जुना सहकारी पहाटेची चारची लोकल पकडायचा. नऊ तास ड्युटी आणि साडेतीन तास प्रवास, २६ दिवसांचे ३२५ तास. वरचेच १७,६५२ धरले तर तासाला ५४ रुपये. घराशेजारच्या लॅबमध्ये १४ हजार मिळाले आणि येणं-जाणं धरून साडेआठ तास गेले, तर तासाला ६३. शेवटी त्याने बदलापूरचीच लॅब धरली. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक वाचावं लागत नाही, हा फायदा तो आधी सांगतो, पैशांचा नंतर.

हॉस्पिटल

मोठ्या खासगी हॉस्पिटलांत नव्या मुलाला साधारण १६ ते २२ हजार मिळतात. शिफ्ट फिरती, नाइट आहेच. आकडा सेंटरइतकाच, काम जास्त. तरीही पहिली दोन वर्षं तिथेच काढा असं मी सांगतो आणि यावर माझं कोणाशीही भांडायची तयारी आहे. पहाटेच्या राउंडला एका मजल्यावर तीस-चाळीस पेशंट. त्यात केमोने व्हेन संपलेले, सूज आलेले, सहा महिन्यांचं बाळ, डायलिसिसचा हात ज्याला टूर्निके (शीर फुगवायचा पट्टा) बांधायचाच नाही. ब्लड कल्चर आधी, मग निळी सायट्रेट, मग प्लेन, हेपॅरिन, ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड, ट्यूब भरण्याचा हा क्रम तिथे हाताला लागतो. सायट्रेटची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर लॅब परत पाठवते आणि सिस्टर वॉर्डभर ऐकवते. ही शिकवणी सेंटरवर रोजच्या वीस धडधाकट बँकवाल्यांच्या रक्तातून मिळत नाही. दोन वर्षांनी नोकरी बदलताना ‘आयसीयू, पीडियाट्रिक’ हे दोन शब्द बायोडेटावर असले की २५ हजारांचं बोलणं सुरू होतं.

आणि वापरलेली सुई आपल्यालाच टोचण्याचं, म्हणजे नीडल प्रिकचं. हा विषय पगाराच्या गप्पांत कोणी काढत नाही. हॉस्पिटलमध्ये नीडल प्रिक झालं की कोणाकडे जायचं ते ठरलेलं असतं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोसही ते देतात. ईएसआयसी असेल तर कामावरच्या इजेसाठी सुट्टीतही पगाराच्या ९० टक्के मिळतात. व्हिजिटवर पैसे घेणाऱ्या मुलाला प्रिक होतं तेव्हा तो विक्रोळीत कोणाच्या तरी जिन्यात एकटा असतो. त्याच्या आकड्यातून या गोष्टीची किंमत तुम्हीच वजा करा.

सरकारी

इथे एक गैरसमज आहे. केईएम, सायन, नायरमध्ये वॉर्डातलं रक्त मुख्यतः निवासी डॉक्टर, इंटर्न आणि परिचारिकाच घेतात. ‘फ्लेबोटॉमिस्ट’ नावाची कायम जागा शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही. जागा असतात लॅब टेक्निशियन किंवा असिस्टंटच्या, आणि त्यांना डीएमएलटी लागतो. रेल्वे भरतीचं उदाहरण घ्या. लॅब असिस्टंट ग्रेड २ चा मूळ पगार २१,७००. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि मुंबईसारख्या शहरांत घरभाडे भत्ता ३० टक्के. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने मूळ पगार, १०,८५० आणि ६,५१० मिळून ३९,०६०, वाहतूक भत्ता आणखी वेगळा. मुंबई सेंट्रलचं जगजीवन राम किंवा भायखळ्याचं आंबेडकर रुग्णालय मिळालं तर देव पावला. पण भरती देशभराची, जागा मोजक्या. याच्या उलट टोकाला कंत्राटी सरकारी: राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत लॅब टेक्निशियनला १७ हजार एकत्रित मानधन वर्षानुवर्षं दिसत आलंय. ‘सरकारी’ या शब्दाला भुलून खासगी २० सोडू नका. फॉर्म भरत राहा, पण वाट बघत घरी बसू नका.

इथेच कोर्सचंही आलं. तीन-सहा महिन्यांचा फक्त फ्लेबोटॉमीचा सर्टिफिकेट कोर्स खासगी नोकरीला पुरतो, पण त्यावर पगार पाच-सहा वर्षांत २५-२८ हजारांशी येऊन अडकतो. पुढे टीम लीडर व्हायचं की मार्केटिंगला जायचं, एवढंच उरतं. डीएमएलटीवाला मशीनवर, ॲक्सेशनला (आलेल्या सँपलच्या नोंदणीला), ब्लड बँकेत सरकू शकतो. पैसे आणि दीड-दोन वर्षं असतील तर मी डीएमएलटीच सांगेन.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून विचारणारेही असतात. तिथे हा स्वतंत्र पेशा आहे, मे २०२३ मध्ये निम्म्या फ्लेबोटॉमिस्टना वर्षाला ४१,८१० डॉलरपेक्षा जास्त मिळत होते, कॅलिफोर्नियात तर लायसन्स लागतं. त्याला डॉलरच्या भावाने गुणून बदलापूर लोकलमध्ये उसासे टाकण्यात अर्थ नाही. तिथलं भाडंही डॉलरमध्येच असतं.

भाच्याने जेवण झाल्यावर ॲप कंपनीच्या एचआरला व्हॉट्सॲप केला: एका घरात चार पेशंट असतील तर व्हिजिट किती धरता? दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. दादरवाल्यांना त्याने शुक्रवारपर्यंतची वेळ मागितली आहे. गुरुवारी माहीमच्या एका हॉस्पिटलात वॉक-इन आहे, शिफ्टची नोकरी, १८ हजार. सकाळी साडेआठला पोचायचंय. मी त्याला मूळ कागद आणि हिपॅटायटिस बीचं कार्ड आजच बॅगेत भरायला सांगितलंय.