स्वतःशीच भांडणारी माणसं: लोकी, डार्क, लूपर की काउंटरपार्ट, आधी काय बघू?

मामेबहिणीचा मेसेज आला, दादा ते मल्टिव्हर्सवालं (एकाच वेळी अनेक जगं असतात ते) काहीतरी सांग ना, पण नुसती हाणामारी नको, एकाच माणसाची दोन-तीन रूपं समोरासमोर येतात आणि त्यांच्यातच वाजतं असं काहीतरी, वीकेंडला सुरू करते. आता हिला एका ओळीत काय सांगणार, या एका प्रकारावर मी डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास जायला नि सव्वा तास यायला असा किती वेळ घातलाय त्याचा हिशोबच नाही, म्हणून म्हटलं इथेच लिहितो, अजून कोणाला ठरवायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल. स्पॉयलर शक्यतो टाळलेत, थोडे सांडलेत.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कळेल मी कुठल्या बाजूचा आहे ते. समोर जितके जास्त ‘मी’ तितकं भांडण पातळ, पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात ना तसं. दोघंच असले आणि दोघांत फरक थोडासाच असला की खरी मजा, कारण समोरचा नेमका कुठे खोटं बोलतोय ते आपल्याला बरोबर कळतं, आपणही तिथेच खोटं बोलतो ना.

लोकीपासून (मार्व्हलची मालिका, नायक लोकी म्हणजे कपटी देव) सुरू करतो कारण बहुतेकांनी तोच बघितलेला असतो. दोन सीझन, २०२१ आणि २०२३, सहा-सहा एपिसोड, गाडीत आरामात होतो. पहिल्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये वेगवेगळ्या जगांतले सगळे लोकी एका जमिनीखालच्या अड्ड्यात जमतात, म्हातारा लोकी, पोरगा लोकी, एक तर चक्क मगर, आणि मग प्रत्येक जण प्रत्येकाला दगा देतो कारण दगा देणं हाच स्वभाव आहे तर दुसरं करणार काय. मी उभ्या उभ्या एवढा हसलो की शेजारचे काका मोबाईलमध्ये डोकावले. पण खरं सांगू का, ते भांडण मनाला लागत नाही, गंमत आहे ती. लागतो तो म्हातारा लोकी, जो मेल्याचं सोंग करून कुठल्यातरी ग्रहावर एकटा राहिला आणि शेवटी भावाची आठवण आली म्हणून बाहेर पडला तर लगेच पकडला गेला. तो भांडत नाही कोणाशी, आणि तोच लक्षात राहतो. सिल्वीचं प्रकरण वेगळं, ती पण लोकीच, पण नायक लोकी तिच्या प्रेमातच पडतो त्यामुळे स्वतःशी झगडा वगैरे अर्ध्यावर सुटतो.

स्पायडर-व्हर्सचा दुसरा भाग (अक्रॉस द स्पायडर-व्हर्स, २०२३, स्पायडरमॅनचा ॲनिमेशन पिक्चर) घरात पोरं असतील तर घ्या. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं मुंबॅटन आहे त्यात, तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे, आणि आपल्याकडे तो मराठीतही डब होऊन आला होता. पण शेकडो स्पायडरमॅन एका पोराच्या (तोही स्पायडरमॅनच) मागे लागतात तेव्हा ते स्वतःशी भांडण राहत नाही, सोसायटीची मीटिंग होते, नियम म्हणजे नियम, तुझ्या वडिलांचं काय व्हायचं ते होऊ दे. खरा ‘मी विरुद्ध मी’ शेवटच्या काही मिनिटांत येतो आणि तिथेच पिक्चर थांबतो. थेटरात पूर्ण रांगेने एकदम ‘अरे!’ केलं होतं. पुढचा भाग अजून यायचाय.

डार्क. जर्मन, २०१७ ते २०२०, तीन सीझन, एकूण २६ एपिसोड. ही लोकलमध्ये बघायची नाही म्हणजे नाही. मी पहिला सीझन तसा बघायला गेलो, दर ३३ वर्षांनी चक्र फिरतं, १९५३, १९८६, २०१९, तीच माणसं तीन वयांत, आणि नेमकं कोण कोणाची आई हे कळतंय तोवर ‘पुढील स्टेशन दादर’ आणि धक्के सुरू. शेवटी वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढून बसलो, आईने विचारलं कोणाचं स्थळ आहे. तिसरा सीझन आला २७ जून २०२० ला, गोष्टीत जग संपायची तीच तारीख, आणि बाहेर लॉकडाऊन, लोकल आपल्यासाठी बंद, त्या दिवशी ते बघणं काय होतं ते शब्दांत नाही सांगता येणार.

भांडण मात्र इथे जोरदार आहे. योनास नावाचा पोरगा आहे, त्याला त्याचाच मोठेपणीचा माणूस भेटतो, मग त्याच्याही पुढचा म्हातारा. आणि प्रत्येक वेळी मोठा लहान्याला अर्धंच सांगतो, कारण पूर्ण सांगितलं तर पोरगा ते करणार नाही आणि हा ‘हा’ होणार नाही. आपण वडिलांवर चिडतो ना, मला आधीच का नाही सांगितलं म्हणून, तसं, फक्त इथे वडील म्हणजे तूच. हे मला लोकीच्या दहा दग्यांपेक्षा जड वाटलं. पण २६ एपिसोड आणि सबटायटल, शिवाय सगळे कायम पावसात भिजलेले नि दुःखी. जुलैमध्ये सुरू करू नका, डबल होतं.

वेळच नसेल तर लूपर (२०१२), दोन तासांत मोकळं. भविष्यातून पाठवलेल्या माणसांना गोळी घालायची नोकरी आणि एक दिवस समोर स्वतःच येतो, तीस वर्षांनी मोठा. त्याचं नाव ‘जो’, तरुणपणचा जोसेफ गॉर्डन-लेविट आणि म्हातारपणचा ब्रूस विलिस, तोंडं जुळावीत म्हणून तरुणाच्या नाकाला मेकअपही केलाय, सुरुवातीला जरा विचित्र वाटतं मग विसरायला होतं. बघायचा तो हॉटेलातला सीन. दोघं समोरासमोर, दोघांपुढे सेम डिश, टाइम ट्रॅव्हलचं लॉजिक म्हातारा उडवूनच लावतो. त्याची बायको पुढे मारली जाणार आहे आणि तिला वाचवायला तो आलाय. तरुण म्हणतो सोपं आहे, फोटो दाखव, ती भेटली की मी बाजूने निघून जाईन, लग्नच नाही, मग ती मरायचीही नाही. आणि म्हातारा फोटो दाखवत नाही! तिला वाचवायचंय पण स्वतःकडे ठेवूनच. तिथे मी पिक्चर थांबवून पाणी प्यायला उठलो होतो. एवढ्या छोट्या गोष्टीवरून कळतं की दोघांत कोण जास्त स्वार्थी आहे, आणि तो तरुण नाहीये.

आणि आता माझं लाडकं, काउंटरपार्ट. २०१७ ते २०१९, दोन सीझन, वीस एपिसोड, मग बंद पडली, फार लोकांनी बघितलीच नाही. बर्लिनमध्ये एका सरकारी छापाच्या ऑफिसात हॉवर्ड सिल्क नावाचा साधा क्लार्क, जवळजवळ तीस वर्षं तीच खुर्ची, एका खोलीत जाऊन समोरच्याला ठरलेली वाक्यं वाचून दाखवायची, त्यांचा अर्थ यालाही माहीत नाही, प्रमोशन मागितलं तर नाही म्हणाले. बायको अपघातानंतर कोमात, रोज संध्याकाळी हा हॉस्पिटलात. फोर्टला लंच टाइममध्ये असे दहा हॉवर्ड डबा खाताना दिसतील. तर १९८७ मध्ये एका प्रयोगात जगाच्या दोन प्रती झालेल्या असतात, आणि एक दिवस पलीकडून जो माणूस येतो तो हाच, हॉवर्ड सिल्क, पण तिकडे तो पक्का हेर.

जे. के. सिमन्स दोन्ही करतो. वेगळा विग नाही, मिशी नाही, काही नाही. एक जण खांदे पाडून बसतो, दुसरा खुर्ची आपल्या बापाची असल्यासारखा, एवढ्यावर तुम्हाला कळतं कोण कोण ते. आणि मुख्य म्हणजे १९८७ पर्यंत दोघांचं सगळं एकच, बालपणही एकच. म्हणजे समोरचा कोणी राक्षस नाहीये, तो तूच आहेस फक्त मधली तीस वर्षं वेगळी. क्लार्कला वाटतं हा मी होऊ शकलो असतो, आणि हेराला त्या क्लार्कचा राग येतो, असा बुळा कसा राहिलास म्हणून, आणि त्या रागात थोडी असूया पण आहे कारण याचं बायकोवरचं प्रेम टिकलंय, त्याचं मोडलंय. गोळीबार कमी, बोलणं जास्त. पहिले दोन एपिसोड संथ आहेत, आधीच सांगून ठेवतो.

आणि वाचायचं असेल तर जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात तिचं इंग्रजी रूप आहे, काहींनी तिथे वाचली असेल. १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही असं जग, आणि प्रोफेसर गंगाधरपंत त्या जगातल्या मुंबईत फिरतात. मुलगा ज्या ऑफिसात आहे तिथे जाऊन विचारतात तर त्या नावाचं कोणीच नाही. इथे दुसरा ‘मी’ भांडायला समोर येतच नाही, आणि मला ते जास्त भीतीदायक वाटतं. नंतर आझाद मैदानात सभेतल्या अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर पंत जाऊन बसतात तेव्हा लोक काय करतात ते तूच वाच.

तर बाई, एकच वीकेंड असेल तर शनिवारी लूपर, रविवारी काउंटरपार्टचे पहिले तीन. दुसऱ्यालाच कंटाळून सोडलंस तर सांगू नकोस. डार्कला सुट्टी टाकावी लागेल. आणि फोन करायचा तर साडेनऊनंतर कर, त्याआधी ठाणे-मुलुंडच्या मध्ये असतो, खिशात हात घालायलाही जागा नसते.