जिल्हा परिषदेची प्रशाला: आठवी ते दहावीसाठी कशी?
मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद प्रशालेची खरी ताकद आठवीत कळते, ती एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना ही संधीच नाही. बुद्धिमत्ता आणि शालेय क्षमता, दोन्ही पेपर 90 गुणांचे. जूनपासून जादा तास घेणारी प्रशाला असेल तर डोळे झाकून नाव घाला. घोळ होतो तो निवडीनंतर: आधार आणि पासबुकातलं नाव जुळत नाही, नाहीतर दरवर्षीचं नूतनीकरण राहतं आणि पैसे अडकतात.

दुबळी बाजू विज्ञानाची. दहावीला 20 गुण प्रात्यक्षिकाचे, पण शिक्षकाचं पद रिक्त असलं की जर्नल नुसतं उतरवून काढतात. प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावा. परीक्षानळ्यांवर धुळीचा थर असेल तर काय ते समजा.

मैदान बहुतेक ठिकाणी ऐसपैस. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव मात्र शाळेने मुदतीत पाठवायला हवा.

दहावीनंतर वाटा तीन: अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक. अकरावीत शिष्यवृत्ती टिकवायची तर दहावीला 60 टक्के हवेत आणि कॉलेज शासकीय किंवा अनुदानितच हवं.