शर्यतीचं नाव विकायचं, तर किती विकायचं?

बक्षिसाला पैसा कमी पडतोय आणि एक कंपनी दारात उभी आहे. पैसे द्यायला ती तयार आहे, फक्त शर्यतीला तिचं नाव हवं. रेस क्लबच्या समितीवर बसणाऱ्याला हा निर्णय आज ना उद्या घ्यावाच लागतो. भारतात तर तो अगदी उंबरठ्यावर आलाय. 1 ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. क्लबची चूल पेटते ती पैजांच्या उलाढालीवर. उलाढाल आटली तर घोडामालकांना द्यायचं बक्षीस आणायचं कुठून? त्यामुळे ‘प्रायोजक नकोच’ असं मी म्हणणार नाही. नावाचा कुठला भाग विकायचा आणि कुठल्या भागाला हात लावू द्यायचा नाही, एवढंच ठरवायचं आहे. घोड्यांच्या शर्यतींत हे चार तऱ्हांनी होतं, आणि चारही तऱ्हांचे परिणाम आता डोळ्यांसमोर आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे सगळं नाव कंपनीचं. इंग्लंडमध्ये सँडाउन पार्क या रेसकोर्सवर 1957 साली व्हिटब्रेड या बिअर कंपनीने अडथळ्यांची, लांब पल्ल्याची एक नवी शर्यत सुरू केली, व्हिटब्रेड गोल्ड कप. त्याच वर्षी कोन्याक ब्रँडीवाली हेनेसीही उतरली. हेनेसी गोल्ड कप आधी चेल्टनहॅमला आणि 1960 पासून न्यूबरीला पळू लागला. तिथल्या रेसिंगमध्ये व्यापारी प्रायोजकांचं युग या दोन शर्यतींपासून सुरू झालं. यांत जुनं नाव पुसलं गेलं नाही, कारण पुसायला जुनं नाव नव्हतंच. पैसा कंपनीचा आणि नावही तिचंच.

पण पुढे जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. आर्कल या घोड्याने 1964 आणि 1965 मध्ये हेनेसी जिंकली, 1965 मध्येच व्हिटब्रेडही जिंकली. 1988 ला डेझर्ट ऑर्किडने व्हिटब्रेड जिंकली तेव्हा त्या शर्यतीला तीस वर्षं होऊन गेली होती. एवढ्या काळात कंपनीचं नाव हेच परंपरेचं नाव झालं. ‘व्हिटब्रेड’ म्हटलं की लोकांना बिअर आठवत नसे, सँडाउनची ती शेवटची दमछाक करणारी चढण आठवे.

आणि मग कंपनी निघून गेली. 2000 मध्ये व्हिटब्रेडने आपला बिअरचा धंदाच विकला, 2001 ची शर्यत त्या नावाची शेवटची. नंतर ती ॲट द रेसेस गोल्ड कप झाली, मग बेटफ्रेड गोल्ड कप, आणि 2008 पासून, बेट365 या पैजांच्या कंपनीच्या नावाने, बेट365 गोल्ड कप. आज विजेत्यांची यादी उघडली की बेट365 च्या मथळ्याखाली आर्कल सापडतो. ती कंपनी 2000 सालची, आर्कलचा विजय 1965 चा. नव्या वाचकाला यातून काय कळणार? मला हे फार लागतं. घोड्याचं आयुष्य तसं छोटं, त्याच्यामागे उरतं ते कुठली शर्यत जिंकली एवढंच, आणि आपण तेही बदलून टाकतो.

हेनेसीने साठ वर्षं साथ दिली, 2016 पर्यंत. आजच्या काळात एवढी निष्ठा दुर्मीळ, आणि तिचं श्रेय हेनेसीला द्यायलाच हवं. 2017 ला तीच शर्यत लॅडब्रोक्स ट्रॉफी झाली आणि 2022 ला कोरल गोल्ड कप. लॅडब्रोक्स आणि कोरल या पैजा घेणाऱ्या दोन्ही पेढ्या एंटेन या एकाच मालकाच्या. म्हणजे पैसा त्याच तिजोरीतून येत राहिला, तरी नाव पाच वर्षांत बदललं. चेल्टनहॅमच्या मॅकेसन गोल्ड कपचंही असंच झालं. मॅकेसन आणि मर्फीज या बिअर, मग शर्टवाले थॉमस पिंक, मग बुकी पॅडी पॉवर. जुने शौकीन अजून ‘मॅकेसन’च म्हणतात, पण ती पिढी गेल्यावर शर्यतीकडे स्वतःचा म्हणून एक शब्दही उरणार नाही. ‘गोल्ड कप’ तर गावोगावी आहेत.

दुसरी तऱ्हा इंग्लंडमधल्या एप्समच्या डर्बी शर्यतीची. नाव शाबूत, कंपनी त्याच्या पुढे. 1984 ला बॅटरीवाली एव्हर रेडी आली, 1995 ला व्होडाफोन, 2009 ला इन्व्हेस्टेक, 2021 ला जुन्या गाड्या ऑनलाइन विकणारी कझू, 2023 ला बेटफ्रेड. पाच कंपन्या आल्या तरी ‘डर्बी’ला धक्का लागला नाही. कझू 2024 मध्ये बुडाली, एप्समची शर्यत त्या वर्षीही डर्बी म्हणूनच पळाली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ‘डर्बी’ तरी काय, एका श्रीमंताचंच नाव ना? खरंच आहे. 1780 मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा बाराव्या अर्ल ऑफ डर्बी या उमरावाचं नाव तिला मिळालं. लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी यांनी नाणं उडवून नाव ठरवलं असं सांगतात. पहिली शर्यत मात्र बनबरींच्याच डायोमेड या घोड्याने जिंकली. पण ते नाव दर तीन-पाच वर्षांनी बदललं नाही. एका जागी टिकून राहिलं, म्हणून ते माणसाचं न राहता शर्यतीचं झालं, आणि पुढे केंटकीपासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सपर्यंत सगळ्यांनी ते उसनं घेतलं. नावाला मुळं फुटायला वेळ लागतो, आणि प्रायोजकाच्या करारात तोच नसतो.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. अमेरिकेतल्या लुइव्हिलची केंटकी डर्बी 1875 पासूनची. तिथे 2006 मध्ये यम ब्रँड्स ही कंपनी आली, पण नावाच्या मागे. आधी ‘केंटकी डर्बी’, मग ‘सादरकर्ते अमुक’. 2018 पासून ती जागा वुडफर्ड रिझर्व्ह या तिथल्याच बर्बन व्हिस्कीकडे आहे. बोलताना शेपूट आपोआप गळतं आणि उरतं ते मूळ नाव. कंपनी पुढे असली की निवेदकाला, वार्ताहराला ती आधी उच्चारावी लागते. मागच्या जागेला भाव कमी येणार हे उघड आहे. पण नाव सांभाळायची ती किंमत आहे, आणि ती जाणूनबुजून मोजावी.

चौथी तऱ्हा म्हणजे नाव विकायचंच नाही. इंग्लंडमधल्या रॉयल ॲस्कॉट या रेस-सोहळ्याच्या पाच दिवसांत शर्यतींच्या नावांना कंपन्या चिकटत नाहीत. 1807 चा गोल्ड कप आजही नुसता गोल्ड कप आहे. कंपन्या आहेत, पण भागीदार म्हणून बाजूला. हे राजघराण्याच्या छत्राखाली जमतं, सगळ्यांना परवडणारं नाही. शिवाय कंपन्यांना दूर ठेवलं म्हणून जुनी नावं वाचतातच असंही नाही. तिथल्या कॉर्क अँड ऑररी स्टेक्स या शर्यतीचं 2002 मध्ये गोल्डन ज्युबिली झालं, 2012 मध्ये डायमंड, 2022 मध्ये प्लॅटिनम, आणि 2023 पासून क्वीन एलिझाबेथ दुसरी ज्युबिली. पुढच्याच वर्षी, 2024 ला, किंग्ज स्टँड स्टेक्स हे जुनं नाव जाऊन किंग चार्ल्स तिसरा स्टेक्स आलं. एक रुपयाचाही व्यापार न होता जुनी नावं गेली. म्हणून जपायचं ते जुनं नाव, मग दारात कंपनी असो की राजा.

आता आपलं महालक्ष्मी. इंडियन डर्बी 1943 पासूनची, पहिली जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने. तिच्यापुढे कित्येक वर्षं मॅक्डॉवेल होतं, नंतर किंगफिशर आलं, अलीकडे ती विल्लू सी. पूनावाला इंडियन डर्बी म्हणून धावते. घोडेपैदाशीत पिढ्या घालवलेल्या घराण्याने आपल्या माणसाच्या आठवणीसाठी नाव देणं आणि दारूच्या कंपनीने देणं, यात मला फरक वाटतो. तरीही जागा पुढचीच आहे, आणि ‘इंडियन डर्बी’ हे दोन शब्द मागे शाबूत आहेत म्हणून निभावलं. खरी काळजी छोट्या शर्यतींची. भायखळा क्लबच्या नावाची शर्यत महालक्ष्मीला होते. मुंबईची रेस एके काळी भायखळ्याला होती, याची जिवंत खूण आता बहुधा तेवढीच. अशा नावावर कुणी मोर्चा काढणार नाही, म्हणूनच ते सगळ्यांत आधी विकलं जाऊ शकतं.

यातून निवडायचं कसं, तर आपल्याकडची जत्रा बघा. कुस्त्यांच्या आखाड्यात किंवा बैलगाड्यांच्या घाटात इनाम कुणाचं ते पत्रिकेवर ठळक छापतात. ‘प्रथम क्रमांकाचं बक्षीस, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’ पण यात्रा देवाची ती देवाचीच राहते. देणगीदार पुढच्या वर्षी बदलला तरी यात्रेचं नाव कुणी बदलत नाही.

शर्यत जुनी असेल तर मी केंटकीची तऱ्हा धरेन, कंपनी मागे. कंपनी अडूनच बसली आणि पैशावाचून शर्यत बंद पडणार असेल, तर एप्समची, पण मूळ नाव अक्षरशः तसंच ठेवून. शर्यत नवी असेल तर कंपनीचं नाव जरूर द्या, मात्र त्यात गावाचा, मैदानाचा किंवा एखाद्या घोड्याचा एक शब्द पहिल्या दिवसापासून गुंफा. म्हणजे कंपनी गेल्यावर काहीतरी उरेल. ब्रिटनमध्ये वरच्या दर्जाच्या शर्यतींचं नोंदणीकृत नाव वेगळं ठेवायची सोय आहे. हेडॉक रेसकोर्सच्या बेटफेअर चेस या शर्यतीचं नोंदणीतलं नाव लँकेशायर चेस आहे आणि रेसच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते छापलं जातं. करारात तेवढं एक कलम घालायला काही खर्च येत नाही. विजेत्यांचा फलक आणि नोंदवही मूळ नावानेच राहील, हेही त्याच कलमात लिहून घ्या.

आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला बसला असाल, तर आधी किती वर्षं थांबणार ते ठरवा. तीन वर्षांसाठी येणार असाल तर मागची जागा घ्या, पैसे कमी द्या. पुढची जागा मागायची असेल तर निदान दहा वर्षांचा करार पुढे करा.