इंटरसेक्शनॅलिटीचा चार रविवारचा कोर्स: शिकवणं एक नंबर, पण तिसरा रविवार...

मैत्रिणीने लिंक पाठवली होती. फेमिनिझम आणि रेस (म्हणजे वंश, गोरे-काळे वगैरे), झूमवर चार रविवार, दोन-दोन तास, फी १२० डॉलर, परवडत नसेल तर ४०. मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते, ऑफिसच्या दर ट्रेनिंगमध्ये इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द कानावर पडतो आणि सगळे समजल्यासारखी मान हलवतात, मीही हलवते, म्हटलं एकदा नीट समजून घेऊ. संस्थेचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रार आहे आणि त्यात थोडी माझी स्वतःचीही आहे.

आधी चांगलं सांगते. शिकवणारी बाई रिटायर्ड वकील, स्वतः ब्लॅक, आणि काय बोलते! स्लाइड नाही, व्याख्या नाही, थेट केसच काढली. सेंट लुइसला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे १९६४ च्या आधी ब्लॅक बायकांना कामावर घेतच नव्हते. पुढे घेतल्या, मग मंदी आली, आणि जो शेवटी लागला तो आधी घरी या नियमाने १९७० नंतर लागलेल्या सगळ्या ब्लॅक बायकांची नोकरी गेली. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट काय म्हणालं, तर बाई म्हणून अन्याय झाला म्हणता? कंपनीत बायका आहेत की! (होत्या, गोऱ्या.) ब्लॅक म्हणून झाला? मग त्याची वेगळी केस चालू आहे, तिकडे जा. दोन्ही एकत्र करून तिसरंच काहीतरी मागता येणार नाही. किंबर्ले क्रेनशॉ या ब्लॅक कायदेतज्ज्ञ बाईने १९८९ मध्ये हीच केस उचलली आणि इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द दिला, म्हणजे एकाच बाईवर रंगाचा आणि बाई असण्याचा असे दोन्ही भेदभाव एकत्र येऊन आदळणं, चौकात उभ्या बाईला या रस्त्याची गाडी धडकेल नाहीतर त्या रस्त्याची, कधीकधी दोन्हीकडून एकदम, आणि मग ठोकलं नक्की कोणी हे तिनेच सिद्ध करायचं. मला स्वारगेटचा चौक दिसला डोळ्यासमोर. इतक्या वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये जे कळलं नाही ते वीस मिनिटांत कळलं, पैसे इथेच वसूल.

दुसरा रविवार त्याहून भारी. सोजर्नर ट्रुथ, गुलामगिरीतून सुटलेली ब्लॅक कार्यकर्ती, १८५१, ओहायोतलं ॲक्रन, बायकांच्या हक्कांची परिषद. तिचं ते "मी बाई नाही का" वालं भाषण पोस्टरवर आपण सगळ्यांनी बघितलंय. तर ते वाक्य ती तसं बोलली की नाही याचीच शंका आहे! भाषणानंतर काही आठवड्यांत एका पेपरात जे छापून आलं त्यात ते वाक्यच नाही. ते आलं बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, फ्रान्सिस गेज नावाच्या गोऱ्या कार्यकर्तीने आठवून लिहिलं तेव्हा, आणि तिने ट्रुथच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातली, तिची पहिली भाषा डच! म्हणजे गडचिरोलीच्या बाईचं भाषण कोणीतरी ठसकेबाज कोल्हापुरीत लिहावं आणि लोकांनी म्हणावं वा, काय अस्सल बोलली. गेज तिच्या बाजूचीच होती हे विशेष. यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला, एक गोरी आजी म्हणाली हेतू चांगला होता ना, त्यावर दुसरी म्हणाली हेतूचं काय लोणचं घालायचंय का (हे माझं भाषांतर), मजा आली.

मग १९१३ ची वॉशिंग्टनची मताधिकाराची मिरवणूक. शिकागोहून आयडा बी. वेल्स ही ब्लॅक पत्रकार आलेली, तिला आयोजकांनी सांगितलं की दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील, तू मागे चाल. ती गर्दीत थांबली, इलिनॉयची तुकडी आली तशी मध्येच घुसली आणि त्यांच्याबरोबरच चालली. आधी सगळ्या बायकांचं होऊ दे, तुमचं नंतर बघू, हे बायकांनीच बायकांना सांगायचं, हा धागा मॅडमनी सगळीकडे दाखवला.

आता तिसरा रविवार. अर्धा तास झाल्यावर आम्हाला झूमवरच्या वेगवेगळ्या खोल्यांत टाकलं, गोऱ्या एकीकडे, ब्लॅक एकीकडे आणि उरलेल्या सगळ्या, म्हणजे चिनी, मेक्सिकन, फिलिपिनो, आपण, एका खोलीत. त्यात एक मराठी बाई निघाली, नागपूरची. स्क्रीनवर फक्त पहिलं नाव. मी एकदम खूश, मराठीतच सुरू केलं, कुठच्या तुम्ही, कधी आलात, आणि आडनाव काय हो तुमचं? ती हसली, म्हणाली, "ताई, आडनावाशिवाय पुढे नाही का जाता येणार?"

माझे कान गरम झाले, खरंच सांगते.

मग ती सगळ्यांना इंग्लिशमध्ये म्हणाली की मला या खोलीत रंगावरून बसवलंय पण भारतात मला जे भोगावं लागलं ते माझ्याच रंगाच्या बायकांकडून, आणि जर्सीतल्या हळदीकुंकवातही तेच. मुक्ता साळवेचं नाव घेतलं तिने, फुल्यांच्या शाळेतली मांग मुलगी, १८५५ मध्ये ज्ञानोदय नियतकालिकात निबंध लिहिला, त्यात आहे की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. ॲक्रननंतर फक्त चार वर्षांनी! माझं सगळं शिक्षण पुण्यात झालं आणि ही तारीख मी झूमवर ऐकली.

आमच्या खोलीचं सूत्रसंचालन इथेच वाढलेली एक भारतीय मुलगी करत होती. ती गोड आवाजात म्हणाली की हे महत्त्वाचं आहे, पण आजचा विषय रेस आहे, आपण फाटे नको फोडूया, नंतर घेऊ. आठवड्यापूर्वी आयडा वेल्सवर हळहळलेल्या आम्ही दहा जणी, एकीलाही काही खटकलं नाही. मला तर खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे आपलं पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना, आणि इथल्या कोर्सच्या चार पानी वाचनयादीत जात हा शब्द एकदाही नाही. सिॲटलने २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला, म्हणजे हा काही दूर देशीचा विषय राहिलेला नाहीये.

चौथ्या रविवारी ती नागपूरची बाई आली नाही. मॅडमना मी चॅटमध्ये विचारलं, त्यांना हे झालेलं कोणी कळवलंच नव्हतं, त्या म्हणाल्या की खोल्या अशा पाडायला मी आधीपासून नको म्हणत होते. तो रविवार तसा फिकाच गेला, हॅशटॅगवगैरे, आणि २००६ मध्ये लैंगिक अत्याचाराविरुद्धची मी टू चळवळ सुरू करणारी टराना बर्क ब्लॅक असून जग जागं झालं ते २०१७ मध्ये हॉलिवूडच्या नट्या बोलल्यावर, एवढंच लक्षात राहिलं.

रेकॉर्डिंग ३० दिवस बघता येतं, फक्त खोल्यांमधलं रेकॉर्ड करत नाहीत. कॅप्शन ठीकठाक. घ्यायचाच असेल तर पहिल्या दोन रविवारांसाठी घ्या, पाचपैकी साडेतीन स्टार. शेवटी फीडबॅक फॉर्म येतो, त्यात मी खोल्यांबद्दल लिहिलं, मुलीने विषय थांबवला तेही लिहिलं. आडनावाचं नाही लिहिलं, ते इथेच पहिल्यांदा.