व्हिज्युअल बेसिक ६ मधून वेब सर्व्हिस कॉल करताना कोणता मार्ग निवडावा?

व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आले आणि त्याच्या आयडीईचा (कोड लिहिण्याच्या साधनाचा) सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये थांबवला. तरीही त्यात लिहिलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात आणि त्यांना बाहेरच्या वेब सर्व्हिसशी बोलावे लागते. रिक्वेस्ट पाठवणारा कोड कोणत्याही मार्गाने दहा-पंधरा ओळींत होतो. निवड ठरते ती टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणारा प्रोटोकॉल), मजकुराचे एन्कोडिंग (अक्षरे बाइट्समध्ये मांडण्याची पद्धत) आणि ग्राहकाच्या मशीनवरील इन्स्टॉलेशन यांवर.

सोप टूलकिट, म्हणजे एक्सएमएल मेसेजवर चालणाऱ्या सोप सर्व्हिससाठीचे मायक्रोसॉफ्टचे जुने साधन, याचा विचार नव्या कामासाठी करूच नये. त्याचा सपोर्ट केव्हाच संपला आहे.

एमएसएक्सएमएल या मायक्रोसॉफ्टच्या एक्सएमएल लायब्ररीतील एक्सएमएलएचटीटीपी हा ऑब्जेक्ट सर्वांत ओळखीचा आहे, पण तो विनइनेट या इंटरनेट एक्सप्लोररच्या नेटवर्क लायब्ररीवर उभा असल्यामुळे जीईटी (माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टचे उत्तर कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, देऊ शकतो. मी स्वतः यात अडकलो आहे: सर्व्हरवर शिल्लक बदललेली असूनही स्क्रीनवर सकाळचाच आकडा दिसत राहिला, आणि चूक आपल्या क्वेरीत आहे असे समजून मी अर्धा दिवस डेटाबेस तपासत बसलो. त्याच लायब्ररीतील सर्व्हरएक्सएमएलएचटीटीपी हा ऑब्जेक्ट विनएचटीटीपी या कॅश न ठेवणाऱ्या नेटवर्क लायब्ररीवर चालत असल्याने त्यात ही अडचण येत नाही, आणि सेटटाइमआउट्सने प्रतीक्षेची मर्यादाही घालता येते.

मग थेट विनएचटीटीपी ५.१ कशासाठी? मुख्यतः टीएलएससाठी. सर्व्हरएक्सएमएलएचटीटीपीला सुरक्षित प्रोटोकॉल कोडमधून ठरवता येत नाही, तो विंडोजच्या सेटिंगवर अवलंबून राहतो. विनएचटीटीपीमध्ये मात्र ऑप्शन क्रमांक ९ ला २०४८ ही किंमत दिली की टीएलएस १.२ निश्चित होते. विंडोज ७ वर त्यासाठी केबी३१४०२४५ हे अपडेट आधी घातलेले असावे लागते. विनएचटीटीपी ब्राउझरची प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणारा मधला सर्व्हर) सेटिंग्ज आपोआप घेत नाही, म्हणून जिथे प्रॉक्सी आहे तिथे ती सेटप्रॉक्सीने द्यावी. उत्तराच्या हेडरमध्ये कॅरसेट (एन्कोडिंगचे नाव) नसेल, तर रिस्पॉन्सटेक्स्टमधील देवनागरी अक्षरे बिघडण्याची शक्यता असते. त्यापेक्षा रिस्पॉन्सबॉडीचे बाइट्स एडीओडीबी या मायक्रोसॉफ्टच्या डेटा लायब्ररीच्या स्ट्रीममध्ये भरून, कॅरसेट यूटीएफ-८ ठेवून वाचावेत. एवढे करूनही व्हीबी६ च्या नेहमीच्या टेक्स्टबॉक्समध्ये प्रश्नचिन्हे दिसू शकतात, कारण ते कंट्रोल युनिकोडचे नाहीत. अशा वेळी वेब सर्व्हिसला दोष देण्यापूर्वी तोच मजकूर फाइलमध्ये लिहून पाहावा.

तिसरा मार्ग म्हणजे डॉटनेटमध्ये डीएलएल लिहून ती कॉम या विंडोजच्या घटक जोडण्याच्या पद्धतीद्वारे व्हीबी६ ला दाखवणे. जेसन (मजकुराच्या रूपातील डेटा) वाचणे, सोपमधील गुंतागुंतीचे टाइप्स, डिजिटल सर्टिफिकेटने मेसेजवर सही करणे ही कामे तिथे तयार लायब्ररीने होतात; व्हीबी६ मध्ये जेसनचा पार्सर मुळातच नाही, आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या स्क्रिप्ट कंट्रोलमध्ये इव्हॅल वापरून बाहेरून आलेला मजकूर चालवणे मला धोक्याचे वाटते. त्या बदल्यात प्रत्येक मशीनवर योग्य डॉटनेट फ्रेमवर्क असणे आणि रेगअ‍ॅझम या टूलने डीएलएलची नोंदणी करणे आवश्यक होते, ज्यासाठी बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

दोन-चार साधे जेसन कॉल असतील आणि प्रोग्राम अनेक मशीनवर पसरलेला असेल, तर मी विनएचटीटीपी निवडीन व छोटा पार्सर मॉड्यूल म्हणून जोडीन. मेसेजवर सही करावी लागत असेल किंवा डब्ल्यूएसडीएल (सोप सर्व्हिसचे वर्णन देणारी फाइल) मोठी असेल, तर पहिल्या दिवसापासून डॉटनेटची डीएलएल घ्यावी, कारण हाताने जुळवलेल्या एक्सएमएलमध्ये एखादी रिकामी जागा बदलली तरी सही अमान्य ठरू शकते.